उसाचं इथेनॉल: जेवढी एनर्जी घालतो तेवढी परत येते का?

प्रश्न साधा आहे. एक लिटर इथेनॉल बनवायला जेवढी एनर्जी खर्च होते त्यापेक्षा जास्त एनर्जी त्या लिटरमध्ये असते का, का हा सगळा आतबट्ट्याचा व्यवहार आहे? तुम्ही लिहिलंय की कुणी म्हणतं एकाला आठ मिळतात, कुणी म्हणतं घातलेलंही परत येत नाही, मग खरं कुणाचं. मी साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत सत्तावीस वर्षं काढली, आधी कोल्हापूरकडं आणि नंतर सोलापूर जिल्ह्यात, त्यामुळं ह्यावर जरा सविस्तरच लिहितो. हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पडलेला आहे आणि ह्याचं एकच उत्तर देणारा माणूस दिसला की मला काळजी वाटते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऊस कुठला, कारखाना कुठला ह्यापेक्षा त्या उसाला पाणी कुठून आणि किती खालून येतंय ह्यावर आपल्याकडचा हिशोब ठरतो. तोच ऊस, तोच कारखाना, आणि एनर्जी एकाला सहाही मिळते किंवा एकाला सव्वाही मिळते. कसं ते बघू.

सुरुवातीला दोन आकडे डोक्यात ठेवा. एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१ मेगाज्यूल एनर्जी असते, एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२. म्हणजे इथेनॉल लिटरमागं पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. ई२० मुळं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलमुळं, मायलेज कमी होतं का हे लोक सारखं विचारतात त्याचं मूळ इथंच आहे, मिश्रणातली एनर्जी साध्या पेट्रोलपेक्षा साडेसहा-सात टक्के कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्येही जुन्या चारचाकीला ६ ते ७ टक्के आणि दुचाकीला ३ ते ४ टक्के फरक पडेल असंच लिहिलेलं होतं. तो विषय वेगळा आहे, इथं थांबवतो.

आता एक टन ऊस घ्या. सगळा रस इथेनॉलला वळवला तर साधारण ७० लिटर मिळतं. ७० गुणिले २१, म्हणजे १,५०० मेगाज्यूलच्या आसपास. आणि त्याच टनातून गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे चिपाड, बाहेर पडतं, निम्मं पाणी असलेलं. ते ओलं बगॅस जाळलं तरी किलोला साडेसात मेगाज्यूल मिळतात, म्हणजे टनाला २,१०० मेगाज्यूलच्या वर. बघा, रसातल्या इथेनॉलपेक्षा चिपाडात जास्त एनर्जी आहे! उसाचं इथेनॉल जगभर मक्याच्या इथेनॉलला मागं टाकतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हे चिपाड आहे. ऊस स्वतःचं जळण स्वतः घेऊन येतो.

कारखान्यात एनर्जी कुठं जाते तर मुख्यतः वाफेत. यीस्ट साखर खातं, इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, १०० किलो ग्लुकोजमधून पुस्तकात ५१ किलो इथेनॉल होतं, प्रत्यक्षात त्याच्या ८८-९० टक्के हातात पडलं की आम्ही खूश. पण ते इथेनॉल पाण्यात मिसळलेलं असतं, आंबलेल्या रसात, म्हणजे वॉशमध्ये, ९-१० टक्केच. म्हणजे एक लिटर इथेनॉल वेगळं करायचं तर सोबत नऊ लिटर पाणीही तापवायचं. त्यात नुसत्या उकळण्यानं साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या पुढं जाता येत नाही, तिथं पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उडायला लागतात, मग उरलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हमधनं, म्हणजे पाणी शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या थरातनं, काढतात, तेव्हा कुठं पेट्रोलमध्ये घालण्याजोगं होतं. हे सगळं धरून चांगल्या प्लँटला लिटरमागं अडीच ते साडेतीन किलो वाफ लागते.

ही वाफ कशी वाया जाते ते मी डोळ्यानं बघितलंय. एका एप्रिलमध्ये रात्रपाळीला आमच्या कूलिंग टॉवरचा फॅन बंद पडला. फर्मेंटर, म्हणजे रस आंबवायच्या टाक्या, ३२-३३ डिग्रीवर ठेवायचे असतात, पहाटेपर्यंत दोन फर्मेंटर ३८ च्या पुढं गेले. हात लावला तर बाजूचा पत्रा गरम लागत होता आणि वर जो फेस उसळत असतो तो बसलेला, नुसती साय धरल्यासारखी. वास पण बदललेला, आंबटसर. यीस्ट अर्ध्यात थकलं होतं. सकाळी लॅबमध्ये वॉश तपासला तर अल्कोहोल साडेसहा टक्के. तो वॉश फेकून तर देता येत नाही, डिस्टिलेशनला घेतलाच, कॉलमला तेवढीच वाफ दिली आणि अल्कोहोल आलं पाऊण हिश्शापेक्षा कमी. तीन किलोच्या जागी लिटरला सव्वाचार किलो वाफ. एका पंख्याच्या बेअरिंगसाठी दोन दिवस आम्ही बगॅस उगाच जाळत बसलो होतो. त्यामुळं कागदावरचे एनर्जी रेशो वाचताना मला नेहमी वाटतं की हे कुठल्या दिवसाचे आकडे आहेत, चांगल्या का वाईट.

तरीपण उसाच्या बाबतीत गळिताच्या दिवसात ही नासाडी पचते, कारण २९० किलो बगॅसमधून ६०० किलोच्या वर वाफ होते. त्यातून मिल चालते, टर्बाईन फिरते, रस आटतो, डिस्टिलरी चालते आणि जुने २१ किंवा ३२ किलो प्रेशरचे बॉयलर काढून ८७ किंवा ११० चे बसवले असतील तर वरची वीज ग्रीडला विकता येते. बाहेरून जळण जवळपास शून्य. पण गळीत संपल्यावर? डिस्टिलरी टाकीतल्या मोलॅसिसवर, म्हणजे मळीवर, पुढं चालूच राहते, तेव्हा साठवलेलं बगॅस तरी लागतं नाहीतर कोळसा येतो. तो कोळसा प्रामाणिकपणे इथेनॉलच्या नावावर लिहायला पाहिजे. स्पेंटवॉशचंही, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या घाण पाण्याचंही, तसंच, लिटरमागं आठ-दहा लिटर निघतो, तो आता नदीत सोडता येत नाही (आणि सोडूच नये, आमच्या तरुणपणी ओढ्यांचे जे हाल बघितलेत ते परत नकोत), आटवून बॉयलरमध्ये जाळायचा तरी वाफ लागते. आधी त्याचा गॅस काढला तर मात्र लिटरमागं पाच-सहा मेगाज्यूल परत हाती येतात. ज्यांच्याकडं डायजेस्टर, म्हणजे हा गॅस काढायची टाकी, नीट चालतो त्यांचा हिशोब लगेच वेगळा दिसतो.

आता शेताकडं येऊ, कारण खरा खर्च तिथं आहे आणि आमच्या मीटिंगांमध्ये त्यावर कधीच कुणी बोलत नाही.

एक एकर धरा. ४० टन ऊस, म्हणजे २,८०० लिटर इथेनॉल, म्हणजे साधारण ५९,००० मेगाज्यूल. ही जमेची बाजू. खर्चाला पहिलं खत. सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या, हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, एकरी १०० किलो, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ पाच गोण्या युरिया. युरिया म्हणजे नैसर्गिक वायूच समजा, आपल्या थळच्या खत कारखान्यात काय जातं तर गॅस. किलोला २५ मेगाज्यूल धरले तर ५,४०० होतात, स्फुरद-पालाश धरून साडेसहा हजार. आडसालीला नत्र जास्त, पण तो १६-१८ महिने उभा असतो आणि टनेजही जास्त देतो. दुसरं डिझेल. नांगरट, सरी, भरणी आणि कारखान्यापर्यंत वाहतूक, कारखाना वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर सगळं मिळून एकरी ६०-७० लिटर, म्हणजे अडीच हजार. खत आणि डिझेल झाले ९,००० मेगाज्यूल. माणसांचे कष्ट, टोळ्यांचे बैल, यंत्रांचं लोखंड ह्यात मी धरलेलं नाही.

म्हणजे पाटाचं पाणी उताराने आपोआप येत असेल तर ५९ भागिले ९, साडेसहा पट. उत्तमच. ब्राझीलमध्ये इसायास मासेदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो ८ ते ९ पट आकडा काढला तो ह्याच जातीचा आहे. साओ पाउलोकडचा बहुतेक ऊस पावसावर वाढतो, मोटार नाहीच, नत्रही आपल्यापेक्षा बरंच कमी टाकतात, स्पेंटवॉश शेतात परत देतात. १९७५ ला त्यांनी प्रोआल्कोल ही इथेनॉलची सरकारी योजना सुरू केली तेव्हापासून ते लोक ह्यावर काम करतायत. पण तो आकडा उचलून जसाच्या तसा आपल्या भाषणात टाकायचा हे चूक आहे, आपला ऊस पावसावर येत नाही.

सोलापूर जिल्ह्यात असताना एका शेतकऱ्याच्या बोअरवर आम्ही माप घेतलं होतं. त्यांचा मुलगा आमच्याकडं लॅबला होता, त्याला पण हाच प्रश्न पडलेला. साडेसात एचपीची सबमर्सिबल, पाणी अडीचशे फुटावर. डिलिव्हरीचा पाईप २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये सोडला आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं, तीनदा मोजलं, प्रत्येक वेळी ५५ सेकंदांच्या आसपास. इकडं पॅनेलमध्ये क्लॅम्पमीटर लावून लोड काढला, ७.२ किलोवॅट. गुणाकार केला तर पंपाची एफिशियन्सी ३७ टक्के निघाली, आणि एक हजार लिटर पाण्याला ०.५५ युनिट. काका म्हणाले, "अहो साहेब, पाणी तर येतंय की धो धो." येत होतं, पण आत इंपेलर झिजलेले होते, आणि बिल एचपीवर असल्यानं युनिट किती जातात हे कुणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पाटपद्धतीनं एकरी साठ लाख लिटर पाणी धरा. त्याला ३,३०० युनिट. युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, पण ते कोळशावरच्या केंद्रातून येतं, तिथं दोन तृतीयांश उष्णता हवेत जाते, पुढं तारांमध्ये गळती, त्यामुळं शेतावरच्या एका युनिटमागं साधारण १२ मेगाज्यूलचा कोळसा जळालेला असतो. ३,३०० गुणिले १२, जवळजवळ ४०,००० मेगाज्यूल. खत-डिझेलचे नऊ मिळवा, ४९,०००. आणि मिळाले किती, तर ५९,०००. एकाला १.२!

तो आकडा वहीत लिहिल्यावर आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. उसाची सगळी कमाई, ते बगॅस, आमचा डिस्टिलरीतला वाफ वाचवायचा सगळा खटाटोप, त्या एका बोअरमध्ये बुडत होता. तोच ऊस नदीकाठी असता आणि पाणी वीस मीटर उचलायचं असतं तर हजार लिटरला ०.१५ युनिट, एकरी ९०० युनिट, म्हणजे ११,००० मेगाज्यूल. मग सगळा खर्च २०,००० आणि रेशो तीनच्या जवळ. ताकारी-म्हैसाळसारख्या योजनांत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात, तिथल्या उसाचा आकडा कितव्या टप्प्यावर शेत आहे त्यावर ह्या दोघांच्या मध्ये कुठंतरी बसणार. आणि हे फक्त एनर्जीचं झालं. नीती आयोगाच्याच त्या रिपोर्टमध्ये उसाच्या एक लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी लिहिलंय, त्याचा विचार दुष्काळी तालुक्यात तर वेगळाच करावा लागेल.

अमेरिकेतल्या मक्याचं भांडण पण ह्याच पद्धतीनं समजून घ्या. २००५ मध्ये कॉर्नेलचे डेव्हिड पिमेंटेल आणि बर्कलेचे टॅड पॅटझेक ह्यांनी लिहिलं की मक्याच्या इथेनॉलमध्ये जेवढी एनर्जी असते त्याच्यापेक्षा २९ टक्के जास्त फॉसिल एनर्जी ते बनवायला लागते. अमेरिकेच्याच शेती खात्याच्या २००२ च्या रिपोर्टमध्ये मात्र १.३४ पट फायदा दाखवलेला. दोघं खोटं बोलत नव्हते. एकानं यंत्रसामग्री बनवायची एनर्जीसुद्धा धरली, आकडे काही जुने घेतले आणि उरलेल्या चोथ्याचं, म्हणजे जनावरांना घालतात त्या डीडीजीएसचं, श्रेय फारसं दिलं नाही. दुसऱ्यानं ते दिलं. २००६ ला सायन्स ह्या नियतकालिकात फॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सहा अभ्यास एकाच मापानं तपासले आणि निष्कर्ष निघाला की थोडासा फायदा आहे, फार नाही. तेव्हा कुठलाही रेशो दिसला की पहिलं बघायचं, खर्चाच्या वहीत काय काय लिहिलंय आणि काय सोडलंय.

आपल्याकडं ही गंमत मोलॅसिसमध्ये आहे. सी-हेवी मोलॅसिस म्हणजे साखर काढून काढून उरलेलं, टनाला ४०-४५ किलो, त्यातून दहा-अकरा लिटर इथेनॉल. ऊस तर साखरेसाठी लावला होता, मग त्या बोअरची वीज ह्या दहा लिटरवर टाकायची का साखरेवर? काही जण सगळं साखरेवर टाकतात, मग इथेनॉल फुकटात पडल्यासारखं दिसतं आणि रेशो आभाळाला. मला ते पटतं, पण फक्त सी-हेवीपुरतं, कारण ते काढलं नसतं तरी ऊस लागलाच असता. बी-हेवीला मात्र साखर सोडून देऊन मुद्दाम इथेनॉल वाढवतो, तिथं वाटा घ्यायलाच पाहिजे, आणि थेट रसाला तर सगळाच्या सगळा. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचं उत्पादन कमी पडणार असं दिसल्यावर केंद्रानं रसाच्या इथेनॉलवर बंदी घातली, मग थोड्या दिवसांनी मर्यादा घालून सूट दिली. त्यावरूनच कळतं की रसाचं इथेनॉल साखरेच्या ताटातलं आहे, उरलेलं नाही.

आणि त्यानंतर जोर आला मक्याला. २०२४-२५ ला मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये दर आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१, त्यामुळं धान्यावरच्या डिस्टिलऱ्या भराभर उभ्या राहिल्या. एनर्जीच्या बाजूनं मला ह्याची जास्त चिंता आहे. मका पाणी कमी घेतो हे खरं, खरिपात तर मोटार लागतही नाही. टनाला ३८० लिटर देतो हेही चांगलं. पण मक्याबरोबर चिपाड येत नाही! दाणा दळा, स्टार्च शिजवा, एन्झाइम घाला, उकळा आणि शेवटी डीडीजीएस वाळवा, लिटरला साडेतीन-चार किलो वाफ जाते आणि ती कोळशावर केली तर लिटरमागं १२-१३ मेगाज्यूल तिथंच संपतात. एकवीसातले बारा-तेरा गेले, वर युरिया आणि वाहतूक. बॉयलरमध्ये कोळशाऐवजी भाताचा तूस, मक्याची बुरकुंडं किंवा दुसरं शेतातलं जळण घातलं तर आकडा एकदम सुधारतो, म्हणून मक्याच्या प्लँटबद्दल कुणी विचारलं की मी बॉयलरला काय जळतं एवढंच विचारतो.

मोगली एरंडाचं, जट्रोफाचं, दोन ओळीत सांगतो. २००३ च्या सुमाराला मोठा गाजावाजा झाला, पडीक जमिनीवर डिझेल उगवेल म्हणून. झाड जगलं, बिया आल्या नाहीत. खत-पाणी दिल्याशिवाय कुठलंच झाड भरपूर तेल देत नाही, आणि दिलं की एनर्जीचा खर्च लागला. अनेक शेतकऱ्यांचे त्यात पैसे गेले.

तुम्ही असंही विचारलंय की मग त्याच जमिनीवर सोलर लावलं तर. नुसत्या एनर्जीचं बोलायचं तर तुलनाच नाही. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला पंधरा लाख युनिट मिळतात, म्हणजे एकरी बारा लाख मेगाज्यूलच्या आसपास, इथेनॉलच्या वीसपट. ऊस सूर्याची जेवढी एनर्जी पडते त्यातली हजारात दोन एवढीच इथेनॉलपर्यंत पोचवतो. पण बागायती जमिनीवर पॅनेल टाका असं मी म्हणणार नाही, ट्रॅक्टर, ट्रक, जुन्या मोटारसायकली अजून कित्येक वर्षं टाकीतल्या इंधनावरच चालणार आहेत. माझ्या मते सोलर उसाच्या पंपावर बसवा. मोटार उन्हावर चालली की बोअरचा तो ४०,००० मेगाज्यूलचा कोळसा हिशोबातूनच जातो आणि वर रात्री दोन वाजता पाणी पाजायला जायचं थांबतं. कुसुम म्हणा, मागेल त्याला सौर पंप म्हणा, इथेनॉलचा रेशो सुधारायला त्या योजना आमच्या नव्या डिस्टिलेशन कॉलमपेक्षा जास्त उपयोगी आहेत. फक्त फुकटच्या उन्हावर पाणी बेसुमार उपसलं जाऊ नये म्हणून त्याच्याबरोबर ठिबक आलंच पाहिजे.

त्या सोलापूरच्या काकांचं पुढचं सांगतो. आम्ही आकडा दाखवल्यावर त्यांनी मोटार बाहेर काढून इंपेलर बदलले, खर्च फार आला नाही. परत ड्रम लावला तर ३८ सेकंद. हजार लिटरला ०.५५ चं ०.४० युनिट झालं, एकरी ९०० युनिट वाचले आणि रेशो १.२ वरून १.५ च्या पुढं गेला. पुढच्या लागणीला त्यांनी ठिबक केलं, पाणी चाळीस टक्के कमी लागलं, फिल्टर आणि नळ्यांच्या प्रेशरसाठी थोडी वीज वाढली ती धरूनही हिशोब दोनवर आला, आणि टनेज वाढलं ते वेगळंच. तुमच्याकडं ऊस असेल तर ड्रम आणि घड्याळ घेऊन एकदा मोजा. मला चारच गोष्टी लागतात, ड्रम किती सेकंदात भरतो, पाणी किती फुटावर आहे, मोटार किती किलोवॅट ओढते आणि एकरी टनेज काय पडतं. तेवढं कळवा, तुमच्या शेताचा आकडा मी काढून देतो.